चोवीस प्रकल्प आणि सगळेच ‘उच्च प्राधान्याचे’: संशोधनाचा प्राधान्यक्रम ठरवावा कसा?

प्रश्न

आमच्या संस्थेच्या संशोधन विभागात सध्या २४ प्रकल्प चालू आहेत आणि त्यांवर काम करणारे संशोधक ३८ आहेत. गेली तीन वर्षे या विभागाच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. येत्या दीड महिन्यात पुढील वर्षाचा प्राधान्यक्रम संचालक मंडळापुढे ठेवायचा आहे. या वेळी निधी वाढणार नाही आणि नवी पदेही भरली जाणार नाहीत, हे मंडळाने आधीच स्पष्ट केले आहे.

मागील वर्षी आम्ही हे काम शक्य तितक्या नियमबद्ध रीतीने करण्याचा प्रयत्न केला. सात निकष ठरवले, प्रत्येकाला भारांक दिला आणि सहा परीक्षकांकडून प्रत्येक प्रकल्पाला पाचपैकी गुण मागवले. तक्ता भरून आला तेव्हा २४ पैकी १९ प्रकल्पांची सरासरी ३.६ ते ४.१ या अरुंद पट्ट्यात अडकलेली दिसली. भारांक थोडे इकडेतिकडे केले की क्रम बदलत असे. त्यामुळे पुढच्या दोन बैठका प्रकल्पांवर न होता भारांकांवरच झाल्या, आणि ज्याला जो क्रम हवा होता त्याने त्याला सोयीचे भारांक सुचवले. शेवटी कोणालाच न दुखावता सर्व प्रकल्पांपुढे ‘उच्च प्राधान्य’ असे लिहिले गेले. त्यानंतरच्या वर्षभरात चार प्रकल्प पूर्ण झाले आणि त्यांच्या जागी चार नवे सुरू झाले.

अडचण आणखी एका कारणाने वाढते. काही प्रकल्पांचे निष्कर्ष संस्थेच्या इतर विभागांना वर्षाच्या आत हवे आहेत, काही प्रकल्प वापरात असलेल्या पद्धती सुधारण्यासाठी आहेत, तर काही मूलभूत स्वरूपाचे असून त्यांतून नेमके काय हाती लागेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. हे तिन्ही प्रकार एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडले की मूलभूत काम नेहमी तळाला जाते, आणि ते तळाला जाणे मला योग्य वाटत नाही.

गुणांकनाची पद्धत सुधारून हा प्रश्न सुटेल, की मुळात दुसऱ्याच रीतीने विचार करायला हवा? ज्यांनी असे निर्णय प्रत्यक्ष घेतले आहेत किंवा ज्यांच्या प्रकल्पांवर असे निर्णय झाले आहेत, त्यांचे अनुभव वाचायला मला विशेष आवडतील.

प्रतिसाद १

एका मोठ्या संशोधन संस्थेत मी बारा वर्षे प्रकल्प समन्वयक म्हणून काम केले आहे. आपण वर्णन केलेला तक्ता मी स्वतः किमान चार वेळा भरून घेतला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुणांकनाकडे वळण्याआधी एक साधा हिशोब करून पाहावा, असे मी सुचवेन. रांगांच्या अभ्यासात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामे चालू असतात, त्या संख्येला कामे पूर्ण होण्याच्या वेगाने भागले की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. आपल्याकडे २४ प्रकल्प चालू आहेत, वर्षाला चार पूर्ण होतात आणि तितकेच नवे येतात. म्हणजे एक प्रकल्प सरासरी सहा वर्षे व्यवस्थेत राहतो. कोणत्या प्रकल्पाला कोणता क्रमांक मिळाला, याचा या सरासरीशी काहीही संबंध नाही. चालू प्रकल्प १२ वर आणले आणि पूर्ण होण्याचा वेग वर्षाला चारच राहिला, तरी तो काळ तीन वर्षांवर येतो. माझ्या अनुभवात वेग कमी होत नाही, उलट थोडा वाढतो, कारण तीन प्रकल्पांत विभागलेला संशोधक दर आठवड्याला स्वतःला नव्याने जुळवून घेण्यातच बराच वेळ घालवत असतो.

म्हणून प्राधान्यक्रमाची पहिली पायरी प्रकल्पांची तुलना ही नसून क्षमतेची मोजणी ही आहे. आपल्या ३८ संशोधकांपैकी प्रत्येकाचे किती दिवस खरोखर संशोधनासाठी उपलब्ध असतात, कोणते कौशल्य फक्त एकदोन जणांकडेच आहे, आणि कोणत्या उपकरणापुढे सर्वांची रांग लागते, हे आधी कागदावर यायला हवे. आमच्याकडे अडसर निधीचा असल्याचे सर्व जण मानत होते. मोजणी केल्यावर दिसले की ११ प्रकल्प एकाच संख्याशास्त्रज्ञाच्या विश्लेषणाची वाट पाहत थांबले होते. त्या अवस्थेत प्रकल्पांचा क्रम लावण्याचा एकच उपयुक्त अर्थ उरतो: त्या एका व्यक्तीच्या वेळेवर आधी हक्क कोणाचा?

आता गुणतक्त्याविषयी. आपले गुण एका पट्ट्यात का अडकले, याचे एक कारण असे की मध्यम दर्जाचे प्रस्ताव सुरुवातीलाच गळून गेलेले असतात आणि उरलेले खरोखरच बऱ्यापैकी चांगले असतात. दुसरे कारण तांत्रिक आहे आणि ते फारसे कोणी लक्षात घेत नाही. एखाद्या निकषाचा क्रमावर किती परिणाम होतो, हे तक्त्यात लिहिलेल्या भारांकावर जितके अवलंबून असते, तितकेच त्या निकषावरील गुण किती पसरलेले आहेत यावरही असते. ‘संस्थेच्या उद्दिष्टांशी सुसंगती’ या निकषाला तुम्ही ३० टक्के भारांक दिलात आणि सर्व परीक्षकांनी सर्व प्रकल्पांना चारच गुण दिले, तर त्या ३० टक्क्यांचा क्रमावर शून्य परिणाम होतो. याउलट पाच टक्के भारांकाच्या एखाद्या निकषावर गुण एकपासून पाचपर्यंत पसरले असतील, तर बरोबरीला आलेल्या प्रकल्पांचा क्रम तोच ठरवतो. भारांकांवर दोन बैठका घालवण्यापूर्वी प्रत्येक स्तंभातील गुणांचा पसारा पाहिला असता, तर तो वाद बहुधा उद्भवलाच नसता. शिवाय ‘उपयुक्तता’, ‘प्रभाव’ आणि ‘संस्थेला होणारा लाभ’ असे निकष वेगवेगळ्या नावांनी एकच गोष्ट तीनदा मोजत असतात, तेही तपासून घ्यावे.

बेरजेपेक्षा जोडीने तुलना करणे परीक्षकांना सोपे जाते. मात्र २४ प्रकल्पांच्या २७६ जोड्या होतात आणि इतक्या तुलना कोणीही मन लावून करणार नाही. आपणच सांगितलेले तीन प्रकार वेगळे काढले आणि प्रत्येकात साधारण आठ प्रकल्प असले, तर प्रत्येक गटात २८ जोड्या उरतात आणि एका दुपारच्या बैठकीत एक गट संपतो. तिन्ही प्रकारांची तुलना एकमेकांशी करूच नये, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या प्रकाराला किती मनुष्यबळ द्यायचे हा धोरणाचा निर्णय आहे आणि तो संचालक मंडळाने एकाही प्रकल्पाचे नाव न पाहता आधी घ्यावा. मूलभूत कामाला एक पंचमांश क्षमता द्यायची असे एकदा ठरले की मूलभूत प्रकल्पांची स्पर्धा आपसांतच होते आणि ते आपोआप तळाला जात नाहीत.

वर्षाच्या आत निष्कर्ष हवे असलेल्या गटासाठी तर गुणांचीही गरज नाही. तिथे प्रत्येक प्रकल्पाच्या उशिराने दरमहा किती नुकसान होते, आणि तो पूर्ण व्हायला किती महिने लागतील, एवढे दोनच अंदाज पुरतात. पहिल्याला दुसऱ्याने भागावे आणि मोठ्या भागाकाराचा प्रकल्प आधी घ्यावा. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्ये कारखान्यातील कामांच्या क्रमासाठी हा नियम मांडला होता. समजा, एकाच गटाला दोन कामे करायची आहेत. पहिल्याला १२ महिने लागतात आणि त्याच्या उशिराचे नुकसान दरमहा ६ एकक आहे. दुसऱ्याला ३ महिने लागतात आणि नुकसान दरमहा ३ एकक आहे. नुकसान मोठे म्हणून बहुतेक जण पहिले काम आधी घेतात. तसे केल्यास एकूण नुकसान ७२ अधिक ४५, म्हणजे ११७ एकक होते. छोटे काम आधी घेतल्यास ते ९ अधिक ९०, म्हणजे ९९ एकक होते. आणि दोन्ही कामे एकाच वेळी अर्ध्याअर्ध्या मनुष्यबळाने चालवली तर? तेव्हा छोटे काम सहाव्या महिन्यात संपते, मोठे पंधराव्याच महिन्यात संपते आणि नुकसान १०८ एककांवर जाते. मोठ्या कामाला त्यातून एका दिवसाचाही लाभ होत नाही, छोट्याला मात्र तीन महिने उशीर होतो. सर्वांना ‘उच्च प्राधान्य’ देण्याचा परिणाम हा असा असतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील क्षमतेच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी औषध संशोधनात काम करते. तिथे अपयशाचे प्रमाण इतके मोठे असते की प्राधान्यक्रमाच्या चुका लवकर आणि स्पष्ट दिसतात, म्हणून त्या क्षेत्रातील एक उदाहरण येथे मांडावेसे वाटते.

अ‍ॅस्ट्राझेनेका या कंपनीने २०११ च्या सुमारास आपल्या आधीच्या काही वर्षांतील प्रकल्पांची कठोर तपासणी केली. त्या काळात संशोधन गटांचे यश प्रामुख्याने संख्येवर मोजले जात असे, म्हणजे किती रेणू पुढच्या टप्प्यात ढकलले यावर. तपासणीनंतर कंपनीने पाच प्रश्नांची चौकट स्वीकारली: ज्या जैविक लक्ष्यावर औषध चालणार ते लक्ष्य योग्य आहे का, औषध योग्य ऊतीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते का, ते सुरक्षित आहे का, नेमक्या कोणत्या रुग्णांना त्याचा उपयोग होईल हे ठाऊक आहे का, आणि व्यवहारात त्याला स्थान आहे का. २०१८ मध्ये कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, निवडलेला रेणू तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या पूर्ण करण्यापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण २००५ ते २०१० या काळात ४ टक्के होते, ते २०१२ ते २०१६ या काळात १९ टक्क्यांवर गेले. प्रकल्पांची संख्या या दरम्यान कमी झाली होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

या चौकटीतून मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की हे प्रश्न गुण देण्यासाठी नसून पुरावा मागण्यासाठी आहेत. ‘औषध ऊतीपर्यंत पोहोचते का’ या प्रश्नाला ३.८ असे उत्तर देता येत नाही. मोजमाप केले आहे किंवा केलेले नाही, आणि केले असेल तर ते काय सांगते, एवढेच उत्तर संभवते. तुमच्या सात निकषांपैकी किती निकषांना असे उत्तर देता येईल, हे एकदा तपासून पाहा.

आमच्या गटात आम्ही प्रत्येक आढाव्याच्या वेळी प्रकल्पप्रमुखाला एक ठरावीक प्रश्न विचारतो: हा प्रकल्प थांबवावा हे सिद्ध करू शकेल असा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होणारा प्रयोग कोणता, आणि तो आपण अजून का केला नाही? सुरुवातीला या प्रश्नाचा लोकांना राग येत असे. कालांतराने असे दिसून आले की हा प्रयोग बहुधा सर्वांना माहीत असतो, पण उत्तर प्रतिकूल येईल या भीतीने तो पुढे ढकलला जातो आणि त्याऐवजी सोपी, सुरक्षित, आकडे वाढवणारी कामे आधी केली जातात. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचे, म्हणजे डार्पाचे, १९७५ ते १९७७ या काळातील संचालक जॉर्ज हाइलमायर यांनी प्रत्येक प्रस्तावासाठी जी प्रश्नावली रूढ केली, तिच्यातही मधल्या आणि अंतिम परीक्षा कोणत्या, हे सुरुवातीलाच सांगण्याची अट होती. तिच्यातील पहिला प्रश्नही फार चांगला आहे: तुम्ही काय करू पाहता, ते कोणतीही परिभाषा न वापरता सांगा. आमच्याकडील दोन प्रकल्प या एका प्रश्नापाशीच अडले.

प्रकल्प कोणत्या अवस्थेत आहे, याचाही विचार निकषांत व्हावा. तंत्रज्ञानाची परिपक्वता मोजण्याची जी नऊ पायऱ्यांची पट्टी आज सर्वत्र वापरली जाते, तिचे मूळ नासामध्ये १९७० च्या दशकात तयार झालेल्या सात पायऱ्यांच्या पट्टीत आहे. दुसऱ्या पायरीवरील कल्पनेकडे खर्चाचा अचूक अंदाज मागितला तर संशोधक तो आकडा नाइलाजाने तयार करतात, आणि मग तोच आकडा तक्त्यात सातव्या पायरीवरील प्रकल्पाच्या खऱ्या आकड्याशेजारी बसतो.

प्रतिसाद ३ (प्रश्नकर्तीकडून)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल मी सहकाऱ्यांसोबत उपलब्ध दिवसांची मोजणी सुरू केली आणि पहिल्याच दिवशी असे दिसले की आमचा सरासरी संशोधक तीन प्रकल्पांत नोंदलेला आहे. पाच जणांची नावे तर सहा किंवा त्याहून अधिक प्रकल्पांत आहेत. गुणांच्या पसाऱ्याचा मुद्दाही तंतोतंत लागू पडतो: आमच्या सर्वाधिक भारांकाच्या निकषावर २४ पैकी २१ प्रकल्पांना चार गुण आहेत.

आता जो प्रश्न मी आधी लिहायला कचरत होते तो विचारते. आमच्याकडे सात वर्षे चालू असलेला एक प्रकल्प आहे. त्याचे प्रमुख अत्यंत आदरणीय आणि ज्येष्ठ आहेत, आणि मला स्वतःला संशोधन कसे करावे हे ज्यांनी शिकवले त्यांच्यापैकी ते एक आहेत. दोनदा मुदतवाढ मिळूनही मूळ प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. प्रत्येक आढाव्यात ‘इतके काम झाल्यावर आता थांबणे योग्य नाही’ असे म्हटले जाते, आणि असे म्हणणाऱ्यांत मीही होते. असा प्रकल्प थांबवण्याचा निर्णय लोक कसा घेतात?

प्रतिसाद ४

मी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. पाच वर्षे मी प्रमुख असलेला प्रकल्प माझ्या संस्थेने बंद केला होता, म्हणून मला जे कळले ते लिहितो.

आधी एक अभ्यास सांगतो, कारण तो नेमका संशोधन निधीच्या वाटपाविषयी आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला संशोधनाचा निधी द्यायला सांगितले होते. नंतर त्यांना त्या निर्णयाचे परिणाम दाखवले आणि पुढचा निधी वाटायला सांगितले. पहिला निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता आणि ज्यांना त्याचे परिणाम वाईट झाल्याचे दिसले, त्यांनी त्याच विभागाला सर्वांत जास्त निधी दिला. अपयशाने त्यांचा हात आखडला नाही, उलट सैल झाला. यात मूर्खपणा किंवा अप्रामाणिकपणा नाही. आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्याची ओढ माणसात असते, आणि हुशार माणसाकडे त्यासाठी कारणेही अधिक असतात. माझ्याकडे भरपूर होती.

त्यामुळे पहिली गोष्ट अशी की प्रकल्प सुरू करण्याचा किंवा मुदतवाढीचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्याकडेच तो थांबवण्याचा निर्णय ठेवू नये. आपण स्वतः त्या मुदतवाढींच्या बाजूने होता असे लिहिले आहे, तेव्हा या एका प्रकल्पापुरते आपण निर्णयातून बाजूला व्हावे, हे आपल्या सरांच्या दृष्टीनेही बरे होईल. दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची. ‘हा बंद करावा का’ असे विचारले की सात वर्षे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्याऐवजी असे विचारून पाहावे: आज हा प्रस्ताव नव्याने आपल्यापुढे आला, आजवर जे कळले आहे ते सर्व हाताशी आहे आणि उरलेल्या कामाला इतका खर्च आहे, तर आपण तो स्वीकारू का? झालेला खर्च या प्रश्नात येतच नाही, पण झालेले काम येते, कारण त्यामुळे उरलेले काम कमी झालेले असू शकते. हा फरक महत्त्वाचा आहे. कधीकधी या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेही येते, आणि तसे आले तर प्रकल्प चालू ठेवावा.

माझ्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते मला स्वतःला जवळपास दीड वर्ष आधी माहीत होते. मी ते बोललो नाही, कारण प्रकल्प बंद झाल्यावर माझ्या गटातील चार तरुण संशोधकांचे काय होणार हे मला कोणीही सांगितले नव्हते. त्यांतील एकीचे पीएच.डी.चे काम अर्ध्यावर होते. ते चौघे कुठे जाणार हे आधी ठरले असते, तर तो प्रकल्प मीच बंद केला असता. ज्या बैठकीत तो बंद झाला तिथे सर्व चर्चा निष्कर्षांवर झाली. माणसांविषयी एक वाक्यही कोणी उच्चारले नाही, आणि ती गोष्ट आजही माझ्या मनात आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की प्रकल्प थांबवण्याच्या प्रस्तावासोबतच तीन गोष्टी लेखी स्वरूपात असाव्यात. गटातील प्रत्येक व्यक्ती पुढे कोणत्या कामावर जाईल, हे नावानिशी लिहिलेले असावे. जे निष्कर्ष मिळाले, प्रतिकूल असले तरी, ते लिहून काढण्यासाठी दोनतीन महिन्यांचा वेळ आणि एक जबाबदार व्यक्ती ठरलेली असावी. आमच्या बाबतीत हा वेळ मिळाला नाही आणि आम्ही जी चूक करून शिकलो तीच चूक संस्थेतील दुसऱ्या गटाने पुन्हा केली. आणि कोणती परिस्थिती बदलली तर हा विषय पुन्हा उघडावा, तेही लिहावे. काही प्रकल्प चुकीचे नसतात, फक्त त्यांना लागणारे साधन अजून अस्तित्वात आलेले नसते.

आपल्या ज्येष्ठ सरांशी बैठकीच्या आधी एकट्याने बोला. हे सर्व ऐकण्याची पहिली वेळ बैठकीत येऊ नये.

प्रतिसाद ५

चर्चा फार चांगली चालली आहे, पण एका बाजूला झुकते आहे असे वाटल्याने लिहीत आहे. लवकर संपणारे, लवकर तपासता येणारे आणि लवकर थांबवता येणारे काम यांनाच आपण चांगले काम समजू लागलो, तर अनिश्चित कामांवर अन्याय होईल.

मार्टिन वाइट्झमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अनेक पर्यायांपैकी कोणता आधी तपासावा याचा अभ्यास केला. त्यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. समजा, एकाच समस्येवर दोन मार्ग आहेत. एक खात्रीचा आहे आणि त्यातून १०० एकक लाभ होईल. दुसऱ्यातून चारात एकदाच यश येईल, पण आले तर ३०० एकक मिळतील, नाहीतर काहीच नाही. सरासरी काढली तर दुसऱ्याचे मूल्य ७५ येते आणि गुणतक्त्यात तो खाली जातो. आता दुसरा मार्ग चालेल की नाही हे २० एकक खर्चून तपासता येत असेल आणि तोवर पहिला मार्ग कुठेही पळून जाणार नसेल, तर आधी दुसराच तपासावा. चारात एकदा ३०० मिळतात, तीनदा परत येऊन १०० घेता येतात, सरासरी १५० होते आणि तपासणीचा खर्च वजा केला तरी १३० उरतात. अनिश्चितता जास्त असलेला पर्याय सरासरीने कमी असूनही रांगेत पुढे येतो, कारण त्यातून कळणाऱ्या गोष्टीला स्वतःची किंमत असते. गुणांच्या बेरजेत ही किंमत कधीच दिसत नाही. परीक्षकांच्या मतभेदाकडेही म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहावे. सहापैकी तिघांनी पाच आणि तिघांनी दोन गुण दिलेल्या प्रकल्पाची सरासरी ३.५ येते आणि सर्वांनी साडेतीन दिलेल्या प्रकल्पाचीही ३.५ येते, पण हे दोन प्रकल्प सारखे मुळीच नाहीत.

३एम या कंपनीने १९४८ पासून आपल्या तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या निवडीच्या कामासाठी दिला आहे. स्पेन्सर सिल्व्हर यांना तिथे १९६८ मध्ये एक कमकुवत, पुन्हापुन्हा लावता येणारा चिकट पदार्थ सापडला. त्याचा उपयोग आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये सुचला आणि चिकटचिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये. या बारा वर्षांतील कोणत्याही वार्षिक आढाव्यात तो पदार्थ पहिल्या दहांत आला असता असे मला वाटत नाही. आपल्या क्षमतेचा काही भाग कोणत्याही क्रमवारीच्या बाहेर ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि गुण खरोखरच बरोबरीत असतील तर चिठ्ठी काढायला हरकत नसावी. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून काही अनुदानांसाठी, किमान निकष पूर्ण करणाऱ्या प्रस्तावांतून, हीच पद्धत वापरली आहे. स्विस राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान २०२१ पासून सीमारेषेवरील समान दर्जाच्या प्रस्तावांसाठी ती वापरते. ३.८ आणि ३.९ यांतील फरक खरा असल्याचे भासवण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे.

प्रतिसाद ६ (प्रश्नकर्तीकडून)

चार दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. क्षमतेची मोजणी पूर्ण झाली आणि अडसर कुठे आहे तेही कळले: आमच्याकडील एका मापन उपकरणावर नऊ प्रकल्प अवलंबून आहेत आणि ते चालवू शकणाऱ्या व्यक्ती दोनच आहेत. एका तिसऱ्या सहकाऱ्याचे प्रशिक्षण या आठवड्यातच सुरू केले. यासाठी मंडळाच्या मंजुरीची गरज नव्हती, आणि हे आम्ही दोन वर्षांपूर्वीही करू शकलो असतो.

संचालक मंडळापुढे आता दोन टप्प्यांत जायचे ठरवले आहे. पहिल्या बैठकीत प्रकल्पांची यादी नसेल. तीन प्रकारांना किती क्षमता द्यायची आणि किती क्रमवारीच्या बाहेर ठेवायची, एवढाच निर्णय मागणार आहोत. दुसऱ्या बैठकीत प्रत्येक गटातील क्रम असेल आणि कोणते प्रकल्प पुढील वर्षी चालणार नाहीत याची यादी असेल. त्या यादीतील प्रत्येक नावासोबत प्रतिसाद ४ मध्ये सुचवलेल्या तीन गोष्टी लिहिलेल्या असतील. बरोबरीसाठी चिठ्ठ्या काढण्याची कल्पना मला पटली, पण पहिल्याच वर्षी ती मंडळाला पटवणे अवघड जाईल असे दिसते. त्याऐवजी ज्या प्रकल्पांवर परीक्षकांचे मत दुभंगलेले आहे त्यांना तीन महिन्यांची छोटी तपासणी देण्याचा विचार आहे.

सरांना काल भेटले. माझे बोलणे अर्धे झाले असतानाच त्यांनी विचारले की त्यांच्या गटातील दोघांना कोणत्या प्रकल्पात घेता येईल. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते, आणि ते तयार ठेवावे हे मला इथेच कळले. निष्कर्ष लिहून काढण्यासाठी त्यांनी चार महिने मागितले आहेत. मी होकार दिला आहे. त्या प्रकल्पावरील अंतिम निर्णयात मात्र मी नसेन.

प्रतिसाद ७

प्रतिसाद १ माझाच होता. उपकरणाविषयी वाचून एक छोटी सूचना करावीशी वाटली. तिसरी व्यक्ती तयार झाल्यावर अडसर तिथून हलेल आणि दुसरीकडे कुठेतरी उभा राहील, बहुधा नमुने तयार करण्याच्या कामापाशी किंवा विश्लेषणापाशी. म्हणून ही मोजणी वर्षातून एकदा करून थांबू नका. पहिल्या वर्षी तरी दर तीन महिन्यांनी करा. दरम्यान नवा प्रकल्प कोणी आणला, कोणीही आणला, तरी चालू प्रकल्पांपैकी एक संपेपर्यंत किंवा थांबेपर्यंत तो सुरू होणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत मंडळाकडून लिहून घ्या. आमच्याकडे बाकी सर्व नीट झाले होते, फक्त हा नियम लिहून घ्यायचा राहिला होता, आणि दीड वर्षात प्रकल्पांची संख्या पुन्हा पूर्वीइतकी झाली.